साधारण धर्म : एका चेहऱ्याचे प्रकरण, इंदूर

दसरा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा इंदूरमधील एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी एक गरोदर स्त्री पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर सर्व व्यवस्थित, झोप नाही, कारण सांगत नाही. वय ३१, पहिलेच बाळंतपण, आठवा महिना लागलेला आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. ती एका शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना हिंदी शिकवत होती. माहेर आणि सासर दोन्ही इंदूरचेच. पाच पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीसाठी आलेल्या आणि इथेच रुजलेल्या घरांपैकी. हे प्रकरण तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

पहिल्या भेटीत ती बराच वेळ पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत राहिली. मग तिने पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मासिकातून कापलेले ते छायाचित्र चार घड्या घालून इतकी वर्षे वागवलेले होते की घडीची रेघ बरोबर डाव्या गालावरून गेली होती आणि त्या जागी शाई उडून कागदाचा पांढरा दिसू लागला होता. छायाचित्र स्मिता पाटील यांचे होते.

“ताई, मला वेड लागलं म्हणाल,” ती म्हणाली, “पण मला लहानपणापासून सगळे म्हणतात, तू हिच्यासारखी लागतेस.”

इंदूरच्या मराठीत ‘दिसतेस’च्या जागी ‘लागतेस’ सहज येऊन जाते. हिंदीचा शेजार आहे, त्याला इलाज नाही. पण या प्रकरणात तो शब्द माझ्या मनात राहिला, कारण तिला ते खरोखरच लागले होते.

साम्य होते का? होते, आणि ते नाकारणे खोटेपणाचे ठरले असते. कपाळाची ठेवण, गालांची हाडे आणि समोरच्याकडे थेट पाहणारे मोठे डोळे पाहून कोणालाही ते नाव आठवले असते. हनुवटी मात्र वेगळी होती आणि आवाज तर फारच निराळा, बारीक. ओळखीचा चेहरा माणूस मुख्यतः डोळे, नाक आणि ओठ यांवरून ओळखतो, तर अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना केस आणि चेहऱ्याची बाह्यरेषा यांवर अधिक भिस्त ठेवतो. म्हणून वाटेत भेटणाऱ्याला मधोमध भांग, मोठी टिकली आणि सुती साडी एवढ्यावरही साम्य दिसते आणि उरलेला चेहरा तो आपल्या आठवणीतून पुरा करतो. तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदमच घडत होत्या.

तिच्या बोलण्यातून जो इतिहास उलगडला तो असा. नववीत असेपर्यंत घरात आणि शेजारात तिच्याबद्दल एकच वाक्य होते : “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” मग एका हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर स्मिता पाटील!” त्या दिवसापासून जुने वाक्य मागे पडले. तिला आनंद झाला, आणि तो खरा आनंद होता. ज्या रंगावरून आत्या हळद-साय लावायला सांगायची, त्याच रंगाची एक बाई दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ सालची पद्मश्री मिळवून गेली होती, हे कळणे त्या वयाच्या मुलीला फार मोठा आधार देणारे होते. तोवर तिने स्मिता पाटील यांचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता.

महाविद्यालयात तिने हे साम्य अंगावर घेतले. मधोमध भांग, लांब वेणी, काजळ आणि आईच्या कपाटातल्या माहेश्वरी साड्या. ते छायाचित्र एका मैत्रिणीने तिच्या वाढदिवसाला दिलेले. नाटकात भूमिका मिळाली ती चेहऱ्यावरून, आणि तालमीत दिग्दर्शक ‘डोळ्यांनी बोल’ एवढेच सांगत राहिला; वाक्ये कशी म्हणायची हे कोणी शिकवले नाही. सव्विसाव्या वर्षी तिने केस खांद्यापर्यंत कापले तेव्हा शिक्षक-कक्षातली एक सहकारी म्हणाली, “आता नाही लागत गं तू.” बोलणाऱ्या बाईच्या मनात काही वाईट नव्हते, पण आपण कुणाची तरी ठेव मोडून खाल्ली असे हिला वाटले आणि तिने केस परत वाढवले. स्थळे येऊ लागली तेव्हा मध्यस्थाने निरोप दिला तो असा : “मुलगी सावळी आहे, पण स्मिता पाटीलसारखी.” ती मला म्हणाली, “वाक्य बदललं, पण त्यातला ‘पण’ तोच राहिला.”

प्रसिद्ध व्यक्तीसारखे दिसण्याबद्दल माणसाला एकाच वेळी अभिमान, कंटाळा आणि थोडी चोरी केल्याची भावना असू शकते, आणि या तिन्ही एकत्र नांदू शकतात. तिच्या आयुष्यातली सोळा वर्षे त्या तशाच नांदत होत्या आणि त्यात उपचार करण्यासारखे काहीच नव्हते.

बिघडले ते डोहाळजेवणाच्या दिवशी. नवरात्रातला कार्यक्रम होता. हिरवी साडी, फुलांची वाडी, मोठी टिकली, अंगावर आलेले तेज. ओटी भरताना नवऱ्याच्या एका वयस्कर नातेवाईक बाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाल्या, “अगदी स्मिता पाटील लागतेस गं आज!” त्यावर सासूबाई चटकन म्हणाल्या, “अहो, शुभ बोलावं,” आणि क्षणभर सगळी खोली गप्प झाली. मग कोणीतरी डोहाळ्याचे गाणे सुरू केले.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती त्या शांततेत. रात्री तिने मोबाईलवर शोधले. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. मुलाचा जन्म २८ नोव्हेंबर १९८६ चा. मृत्यू १३ डिसेंबर १९८६, प्रसूतीनंतर झालेल्या गुंतागुंतीमुळे, वय ३१. तिचेही वय ३१, तिचीही तारीख डिसेंबरची. त्या रात्रीपासून ती दोन-तीन तासांपेक्षा जास्त झोपली नव्हती आणि नवऱ्याला मात्र पाठ दुखते म्हणून सांगत होती.

मी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली तिच्याकडून भरून घेतली. काळजी आणि धास्तीच्या प्रश्नांना गुण चढते होते. स्वतःला इजा करण्याच्या विचाराबाबतचे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते, आणि त्यावर मी वेगळे बोलून खात्रीही करून घेतली. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीला एक नेमका चेहरा होता.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. मी तिला आकडे दिले. १९९० च्या सुमारास भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ५५६ मातांचा मृत्यू होत असल्याचा अंदाज होता, आणि नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात ते प्रमाण ९७ पर्यंत खाली आले, हे मी मोठ्या विश्वासाने सांगितले. तिने शांतपणे विचारले, “आणि मध्य प्रदेशात?” मध्य प्रदेशचा आकडा त्याच काळात १७३ होता आणि खोटे सांगणे शक्य नव्हते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ताई, आकडे सगळ्या बायकांचे आहेत. चेहरा माझा आहे.” ती रडली नाही, पण त्या दिवशी ती आली त्यापेक्षा जड होऊन गेली. ज्या भीतीला तर्काने जन्म दिलेला नाही तिला आधी तर्क देऊ नये, हे मी इतरांना शिकवत आले होते आणि स्वतः विसरले होते.

वाट तिनेच काढली. दुसऱ्या भेटीत मी तिला शाळेत सध्या काय चालले आहे असे विचारले, ते केवळ तिला बोलते करण्यासाठी. दहावीला अलंकार चालू आहेत, उपमा झाली, रूपक शिकवायचे आहे, असे ती म्हणाली. उपमेची चार अंगे तिने सवयीने बोटांवर मोजली : उपमेय, उपमान, साधारण धर्म, वाचक शब्द. मराठीच्या व्याकरणातही तीच. मुख चंद्रासारखे सुंदर आहे. मुख हे उपमेय, चंद्र हे उपमान, ‘सारखे’ हा वाचक शब्द आणि ‘सुंदर’ हा दोघांतला साधारण धर्म. मी विचारले, “आणि चंद्रावरचा डाग?” “डागाचा संबंध नाही. उपमा सौंदर्यापुरती आहे,” ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, आणि तिथेच थांबली.

तो क्षण मी घाईने भरून काढला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मला सगळे उपमा देतात, पण साधारण धर्म कोणीच सांगत नाही.”

एखादे अंग वगळलेल्या उपमेला लुप्तोपमा म्हणतात. ‘तू स्मिता पाटीलसारखी दिसतेस’ या वाक्यात कशात, ते सांगितलेले नसते. ऐकणाऱ्याने ते आपल्या मनाने भरायचे असते. पंधराव्या वर्षी तिने तिथे ‘सुंदर’ भरले, महाविद्यालयात ‘अभिनयसंपन्न’, लग्नाच्या वेळी ‘सावळी’, आणि डोहाळजेवणानंतर ‘अल्पायुषी’. बोलणाऱ्यांनी यांतले नेमके काय म्हटले होते हे तिने कधी विचारलेच नव्हते. शिवाय मधल्या काळात वाचक शब्दही गळून पडला होता. ‘सारखी’ जाऊन दोघी एकच झाल्या, उपमेचे रूपक झाले, आणि रूपकात उपमेय उपमानापासून वेगळे काढता येत नाही.

पुढच्या दोन आठवड्यांसाठी तिने एकच काम पत्करले : ज्यांनी ज्यांनी ते म्हटले होते त्यांपैकी जवळच्या पाच जणांना विचारायचे, “कशात?” वाद घालायचा नाही, खुलासा मागायचा नाही, उत्तर जसेच्या तसे वहीत लिहायचे. मी तिला सावध केले की सगळी उत्तरे गोड असतील असे नाही.

सहकारी शिक्षिकेने डोळे मिटून विचार केला आणि “टिकलीत गं, अजून काय!” असे म्हणून ती हसली. नवऱ्याने, बायकोने परीक्षा घेतल्यासारखा चेहरा करून, सांगितले की त्याला ते साम्य कधी दिसलेच नाही. लग्नाआधी मध्यस्थाने सांगितले म्हणून तो फक्त मान डोलवत आला. हे उत्तर तिला फार आवडले. आई म्हणाली, “तू रागावलीस की बोलत नाहीस, नुसती बघतेस. तशी.” आत्याचे उत्तर आधीपासून ठाऊक असल्यासारखे आले : “रंगात. दुसरं काय?” ते तिने वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. त्या उत्तराचे दुखणे होते तसेच राहिले.

पाचवे उत्तर सासूबाईंचे. त्यांना विचारायला ती घाबरत होती, कारण “शुभ बोलावं” हे शब्द त्यांचे होते. संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसल्या असताना तिने विचारले. सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि जे सांगितले ते तिने मला जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगितले. डिसेंबर १९८६ मध्ये त्या स्वतः ओली बाळंतीण होत्या. मोठी मुलगी, म्हणजे हिची नणंद, जेमतेम तीन आठवड्यांची होती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपांची धुरी चालली होती आणि बाहेरच्या खोलीत ट्रान्झिस्टर लागला होता. बातमीतले नाव कानावर पडले आणि त्यांच्या आईने उठून ट्रान्झिस्टर बंद केला. “कोण गेलं?” असे त्यांनी विचारल्यावर आई म्हणाली, “दूरची बाई आहे कोणी, तू झोप.” पण त्यांनी ऐकले होते. पुढचे दोन महिने अंग जरा कोमट लागले तरी त्या रडत, आणि कोणाला सांगत नसत. “त्या दिवशी मी तुला नाही गप्प केलं,” त्या म्हणाल्या, “मला माझंच आठवलं. तुझं माझं एकच दुखणं गं, मी बोलायला हवं होतं.”

या प्रकरणातला निर्णायक प्रसंग हाच, असे माझे मत आहे. त्या खोलीतली जी शांतता तिने आपले भविष्य म्हणून वाचली होती, ती दुसऱ्या एका बाईचा भूतकाळ होती. आपण कोणासारखे दिसतो असे आपल्याला सांगितले जाते तेव्हा सांगणारा बहुधा स्वतःच्या आठवणीतले काहीतरी आपल्या चेहऱ्यावर टेकवून पाहत असतो. ते प्रेम असेल तर घ्यावे, भीती असेल तर ज्याची त्याला परत द्यावी, आणि त्यासाठी आधी ती कोणाची आहे हे विचारावे लागते.

भीतीचा दुसरा धागा मात्र शरीराचा होता, आणि त्याला वैद्यकीय उत्तर हवेच होते. आता ते ऐकण्याइतकी ती मोकळी झाली होती. आम्ही डॉक्टरांकडे एकत्र बसलो, सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितले की त्या अभिनेत्रीच्या आजारपणावर त्या बोलणार नाहीत, कारण त्या कागदपत्रांत त्यांचा काही वाटा नाही. हिच्या शरीराबद्दल मात्र हवे तेवढे विचारावे. मग तिने तो प्रश्न विचारला जो बाहेरच्या कोणालाही भाबडा वाटला असता : चेहरा सारखा असेल तर आत काही सारखे असते का?

डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कॅनडाच्या फ्रांस्वा ब्रुनेल या छायाचित्रकाराने रक्ताचे नाते नसलेल्या पण हुबेहूब दिसणाऱ्या माणसांच्या जोड्या वर्षानुवर्षे टिपल्या आहेत. बार्सिलोनातील संशोधकांनी त्यांतल्या ३२ जोड्यांचा अभ्यास करून तो २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. चेहरा ओळखणाऱ्या तिन्ही संगणकप्रणालींनी ज्यांना सारखे ठरवले अशा १६ जोड्या निघाल्या, आणि त्या जोड्यांतल्या माणसांच्या जनुकीय रचनेत बरेच साम्य आढळले. परंतु जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा आणि शरीरातले सूक्ष्मजीव यांत ती माणसे एकमेकांपासून वेगळीच होती. बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, ज्याला आपल्याकडे जुन्या वैद्यकात सूतिकाज्वर म्हणत, तो चेहऱ्याच्या वाटेने येत नाही. तो येतो तो कसा, लवकर कसा ओळखायचा आणि प्रतिजैविके वेळेवर मिळणे का महत्त्वाचे, हे त्यांनी पुढची वीस मिनिटे सांगितले.

त्याच बैठकीत तिने स्वतःच्या अक्षरात एक कागद तयार केला, आणि मासिकातले कात्रण जिथे होते त्या पर्सच्या कप्प्यात तो ठेवला. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, अंगावरून जाण्याला दुर्गंधी, एक पॅड तासाभरात भिजेल इतका रक्तस्राव, ओटीपोटात वाढते दुखणे, धाप, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाला सूज आणि दुखणे. यांतले काहीही झाले तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय. सव्वा महिना हा कागद सासूबाईंच्या ताब्यात राहील असे ठरले, आणि त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचून घेतला. १९८६ साली आपल्याला असा कागद कोणी दिला नव्हता, एवढेच त्या म्हणाल्या.

झोप एकदम परतली नाही. नोव्हेंबरअखेर ती रात्री पाच तास झोपू लागली. १३ डिसेंबरचा दिवस कसा काढायचा यावर आम्ही बोललो होतो; तिने त्या दिवशी स्मिता पाटील यांचा एखादा चित्रपट सासूबाईंसोबत पाहायचे ठरवले होते, पण कळा त्याच्या दोन दिवस आधीच सुरू झाल्या. मुलगी झाली. १३ तारखेला ती रुग्णालयातच होती आणि ताप मोजायला आलेल्या परिचारिकेला तिने आकडा मोठ्याने वाचायला सांगितले. ९८.४.

दीड महिन्याने ती बाळाला घेऊन मला भेटायला आली. केस पुन्हा खांद्यापर्यंत कापलेले होते, टिकली मात्र तशीच मोठी होती. टिकली आपल्याला स्वतःला आवडते, हे वहीतली उत्तरे वाचताना कळले, असे ती म्हणाली. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी परवा पुन्हा तेच म्हटले तेव्हा तिने “हो, म्हणतात लोक” असे उत्तर दिले आणि कणकेचा डबा पुढे केला. कात्रण तिने सासूबाईंना दिले. त्यांनी ते आपल्या पोथीत ठेवले आहे.

मग तिने बारशाचे सांगितले. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या, बाळ कोणावर गेले याची चर्चा चालली होती, आणि बाळाचा उजळ रंग पाहून आत्या म्हणाली, “बरं झालं, आईवर नाही गेली.” पूर्वी हिने मान खाली घातली असती. या वेळी तिने पाळण्याची दोरी हातात तशीच धरून विचारले, “कशात बरं झालं, आत्या?” खोली गप्प झाली. आत्याने उत्तर दिले नाही. कोणी गाणेही सुरू केले नाही. तिने दोरी ओढली आणि पाळणा हलवत राहिली.